मी पाहून सांगतो

अप्पा,

तुम्ही गेल्याचा फोन आला त्या दुपारी मी एक वेडेपणा केला. महेशदादाचा, तुमच्या मुलाचा, फोन ठेवला. गॅस बंद केला. लॅपटॉप उघडला आणि आपल्या विहिरींच्या पानावर खाली प्रश्न विचारायची जी चौकट आहे, तिच्यात लिहिलं, 'अप्पा, पोचलात का?' गावाहून निघालेल्या माणसाला विचारतो तसं विचारलं. कुठं पोचलात, कसे पोचलात, असला काही विचार डोक्यात नव्हता. बटण दाबलं आणि लगेच उत्तर आलं.

'तुमचा प्रश्न पोचला. मी पाहून सांगतो. थोडा धीर धरा. विरूपाक्ष अप्पा, धर्मापुरी.'

मला माहीत होतं. ते उत्तर आपोआप जातं. शब्द तुमचे आहेत, टाइप मी केलेत, यंत्रात बसवलंयही मीच.  तरी मी ते पुन्हा वाचलं. मग लॅपटॉप मिटला आणि त्याच्यावर उशी ठेवली, जसं काही आतून आणखी बोलाल.

तेव्हापासून तुम्ही रोज बोलता आहात, अप्पा. माझ्याशी नाही, लोकांशी. बीड जिल्ह्यातल्या सरकारी निरीक्षण विहिरींची पाणीपातळी शोधत जो कुणी त्या पानावर येतो, त्याला संपर्क म्हणून तुमचं नाव दिसतं. तो विचारतो, तुम्ही म्हणता पाहून सांगतो. मग त्याच्या प्रश्नाची एक प्रत माझ्याकडं येते आणि इथं गांधीधामच्या खोलीत टिंग वाजतं. नवरा ट्रेलर घेऊन बंदरातून निघाला की आठवडा आठवडा येत नाही. खोलीत मी, पंखा आणि ते टिंग.  एकदा तर मी चुलतसासूला फोनवर सांगून बसले, 'थांबा, अप्पांचं काहीतरी आलंय.' 

तुम्हाला निरोप द्यायला मला येता आलं नाही. गाडीला दीड दिवस, आणि तुमच्या लोकांत थांबत नाहीत. महेशदादांच्या मुलीनं मोबाइल धरला आणि मी इथून पाहिलं. आमच्या घरी माणूस आडवा जातो. तुम्ही बसून निघालात. कपाळावर विभूती, मांडी घातलेली, मान किंचित पुढं, बाकावर बसून नकाशा बघताना असायची तशी. मला कुणी सांगितलं असतं की अप्पा आता डोळे उघडून 'स्केल चुकलंय' म्हणणार, तर मी मानलं असतं.

मग पोरीनं मोबाइल समाधीच्या खड्ड्याकडं फिरवला. आणि अप्पा, माफ करा, मी रडायचं सोडून थर बघायला लागले. वर काळी माती. खाली मुरूम. तुम्हीच लावलेली सवय. कुणीतरी खालून ओरडलं, "खाली वल हाय!" बाजूचे म्हणाले, असू दे, असू दे. पण तुमचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला: "वल हाय म्हंजे किती खोल? कठड्यापासून मोजली का जमिनीपासून?" आयुष्यभर जमिनीखालचं पाणी मोजलं तुम्ही, आणि आता त्याच्या जवळ जाऊन बसलात. पाणी चढलं की पहिलं तुम्हाला कळणार. हा विचार मला दिवसाउजेडी येतो, भांडी घासताना येतो, आणि मग मी नळ बंद करते.

आपली भेट कशी झाली ते महेशदादांना अजून नीट माहीत नाही. दुखवट्याच्या फोनवर त्यांनी विचारलं, "बाई, तुमी हापिसात व्हता का?" मी म्हटलं, नाही, झेरॉक्सच्या दुकानात.

परळीच्या स्टँडजवळचं ते दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती मेंढरांमागं. पुढं मेंढरं विकली तेव्हा शाळेत परत बसायचं वय राहिलं नव्हतं, म्हणून टायपिंग शिकले. तुम्ही भूजलाच्या खात्यातून रिटायर होऊन परत मानधनावर लागलेले. खात्याच्या विहिरींचे जुने आकडे टाइप करून घ्यायचेत म्हणालात. हापिसात माणूस नाही, आणि दुकानात पंखा आहे. हे दुसरं कारण मला नंतर कळलं.

पहिलं पान तपासताना तुम्ही चष्मा कपाळावर नेला.

"हे काय लिवलंय? 'निरीक्षण हीर'?"

"हीर."

"हीर म्हंजे?"

"हीर म्हंजे हीर, अप्पा. पान्याची."

"आन् 'वि' कुठं गेला?"

 काम गेलं असं वाटलं. म्हटलं, "आमच्यात न्हाई लावत."

"पडला आसंल हिरीत," तुम्ही म्हणालात. "काढ त्याला वर."

दुकानदार फसकन हसला. मी मात्र घरी जाऊन हसले, भीती उतरल्यावर. त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही दुकानात शिरताना नमस्काराऐवजी विचारायचात, "काय, 'वि' निगाला का?" आणि लग्न होऊन मी इकडं निघाले तेव्हा तुमचा जुना लॅपटॉप दिलात, त्याचं नेमकं 'व'चंच बटण अडकायचं. "बघ," म्हणालात, "यंत्र बी तुमच्यातलंच निगालं." अजून अडकतं, अप्पा. हे लिहिताना प्रत्येक 'व' मी दोनदा दाबते आहे.

मला तेव्हा कळत नव्हतं की सरकारनं मोजलेलं सगळं सरकारच्याच पानावर असताना पुन्हा टाइप कशाला करायचं. मी तसं विचारलंही. तुम्ही खुर्ची ओढलीत आणि म्हणालात, बरं, शोधून दाखव. धर्मापुरीचीच एखादी विहीर काढ. मी शोधायला बसले. पानांचे फोटो काढून चढवलेले होते, तिरके, बोटाच्या सावलीसकट. प्रत्येकाचं नाव 'स्कॅन' आणि पुढं काहीतरी आकडा. फोटोत अक्षरं असतात, पण शोधणाऱ्या यंत्राला ती दिसत नाहीत, त्याच्या लेखी ते नुसतं चित्र. मी संध्याकाळपर्यंत उघडत राहिले. दुसरेच तालुके येत होते. शेवटी हात टेकले.

"सरकारचं काही हरवत न्हाई, सारजे," तुम्ही म्हणालात. "फकस्त सापडत न्हाई."

ते वाक्य तुम्ही नंतर पुष्कळांना ऐकवलं, साहेब लोकांनाही. पण पहिल्यांदा मला सांगितलं, हे मी धरून आहे.

मग तुम्ही शिकवत गेलात आणि तुम्ही शिकवताय हे मला कळलं नाही. नुसता आकडा उपयोगाचा नाही. त्याला कुंडली पाहिजे. कुठल्या विहिरीचा, कुणी मोजला, कोणत्या महिन्यात, कठड्यापासून का जमिनीपासून, मोजताना शेजारच्या मोटारी चालू होत्या का. "कुंडली नसंल तर त्याचं लगीन कसं लावायचं?" लग्न म्हणजे पावसाच्या आकड्यांशी, पिकांच्या आकड्यांशी, दुसऱ्या खात्याच्या आकड्यांशी. तुम्हाला सगळ्या खात्यांचे आकडे एका मांडवात आणायचे होते. "एक खातं पाऊस मोजतंय, एक खातं पाणी मोजतंय, आन् दोघं एकमेकाला वळखत न्हाईत. शेजारी राहून!" हे बोलताना तुमचा आवाज चढायचा आणि झेरॉक्सला आलेली माणसं वळून बघायची.

एका जुन्या विहिरीचा आकडा सलग वर्षानुवर्षं सारखाच होता. दुष्काळ असो, पूर असो, पाणी जागचं हललेलं नाही. मी म्हटलं, "हे खोटं हाय अप्पा. माणूस गेलाच न्हाई मोजाय. काढून टाकते."

"काढायचं न्हाई."

"खोटं ठेवायचं?"

"ठेवायचं. खोटं आसलं तरी सरकारी हाय." मग हसून, "बाजूला 'शंका' लिव. वाचणाऱ्याला कळू दे की आपल्याला बी कळलंय."

मला ते पटलं नव्हतं. आज सांगते, अजून पूर्ण पटलेलं नाही. पण 'शंका' मी प्रत्येक ठिकाणी इमानाने लिहिली.

आणि प्रत्येक तक्त्याच्या खाली तुम्ही माझं नाव घालायला लावलं. 'आकडे उतरवून घेतले: सारजा.' मी म्हटलं, नको अप्पा, सातवी पास बाईचं नाव बघून लोक आकड्यावर शंका घेतील.

"आकडा बरोबर हाय का?"

"हाय."

"मंग?"

एवढंच. त्या 'मंग'वर मी आजपर्यंत जगते आहे. नवऱ्याच्या मित्राच्या बायकोनं इथं विचारलं, काय काम करता, तर मी ते पान उघडून नाव दाखवलं. तिला मराठी येत नाही. मी बोट ठेवून सांगितलं, ही मी.

तुमच्याबरोबर जीपमधून मोजणीला आले ते दिवस मला सारखे दिसतात. तेही डोळे मिटल्यावर नाही, उघडे असताना. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप खाली सोडायचा, वर ओढायचा, खडू जिथपर्यंत भिजला तिथपर्यंत पाणी. इतकं साधं. पण टेप सोडण्याआधी तुम्ही कठड्यावर वाकून हाक मारायचात:

"कोण हाय का?"

आतून पारवे फडफडत निघायचे, आणि त्यांच्या मागून तुमचाच आवाज, जाडसर होऊन: हाय का... पहिल्यांदा मी एवढी दचकले की खडू आत पडला. म्हटलं, हे कावून वराडता?

"आत काय आसंल ते सांगता येत न्हाई. पारवा आसतो, साप आसतो, एखाद्या टायमाला माणूस गाळ काढत आसतो. इचारल्याबिगर टेप सोडायचा न्हाई."

"आन् कुणी 'हाय' म्हणलं तर?"

"तर राम राम म्हणायचं."

तुम्ही विनोदानं म्हणालात. पण अप्पा, आता मला वाटतं एखाद्या विहिरीवर कुणी वाकून हाक मारली आणि खालून तुम्ही 'हाय' म्हणालात तर. कच्छचं पाणी खारं आहे, इथं अशा विहिरी नाहीत, तरी मी पाण्याच्या टाकीचं झाकण उघडताना आत बघत नाही. हसू नका.

आपलं मोठं भांडण 'हीर'वरून झालं. पान तयार झालं, शोधायची चौकट आली, आणि मी माझ्या भावाला म्हटलं बघ रे शोधून. त्यानं लिहिलं 'हीर'. यंत्रानं सांगितलं, काही सापडलं नाही. आख्ख्या जिल्ह्याच्या विहिरी आत, आणि काही सापडलं नाही! मी तुम्हाला फोन करून म्हटलं, प्रत्येक विहिरीपुढं लोकांचे शब्द घाला. हीर, आड, बारव, आणि गाव जे नाव घेतं ते. तुम्ही म्हणालात, शास्त्राच्या कामात बोली नको.

"अप्पा, तुमीच म्हणता सापडत न्हाई म्हणून. लोकं ज्या नावानं हाक मारत्यात त्या नावानं यंत्रानं वो नगं द्याया?"

"सारजे, म्हसोबाची हीर गावोगाव हाय. देवीची हीर गावोगाव हाय. उद्या कुणी दुसऱ्याच हिरीचं पाणी आपलं समजून खड्डा घेईल, त्याचं काय?"

"गावाचं नाव असतंय की."

"माणूस बाजार करतो ते गाव सांगतो. शिवार ज्या गावात हाय ते न्हाई सांगत."

फोन तुम्ही ठेवला का मी, आठवत नाही. चार दिवस आपण बोललो नाही. मग तुमचा निरोप आला, आवाजातला, अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे: "घाल तुझी हीर. पर प्रत्येकीपुढं जवळची खूण लिव. झाड, भिंत, काय आसंल ते. आन् 'वि' काढला म्हणून माज करू नगंस." हा निरोप मी तुम्ही गेल्यापासून ऐकलेला नाही. तो तिथं आहे एवढं पुरे.

दुसरं भांडण मात्र मिटलंच नाही. तुमचा नियम, आकडा सांगायचा, निर्णय सांगायचा नाही. कुणी विचारलं इथं पाणी लागंल का, तर उत्तर हे की शेजारच्या निरीक्षण विहिरीत इतक्या उन्हाळ्यांत पाणी होतं, इतक्यांत नव्हतं, पुढं तालुक्याच्या भूवैज्ञानिकाला जागा दाखवा. मला हे फार कोरडं वाटायचं. माणूस तहानेनं विचारतंय आणि आपण तक्ता पुढं करायचा? एका विहिरीजवळ, जीपच्या सावलीत भाकरी खाताना, मी तुम्हाला हे बोलून दाखवलं. तुम्ही भाकरी खाली ठेवलीत. म्हणालात, "एकदा मी सांगितलं व्हतं. लागंल म्हणून." आणि थांबलात. मी वाट पाहिली. तुम्ही हात झटकले, उठलात, जीपमध्ये बसलात. 

कुठली विहीर, अप्पा? कुणाला सांगितलं होतं? मी पुन्हा विचारायचं धाडस केलं नाही. वाटलं, तुम्हीच कधीतरी सांगाल. आता सगळ्या तक्त्यांमध्ये मी बघत बसते, ही असेल का, ती असेल का. तक्ता काही बोलत नाही. त्याची कुंडली तुम्ही लिहिली नाही.

मागच्या आठवड्यात खात्यातल्या तरुण साहेबांचा फोन आला. माणूस चांगला आहे, तुमच्याबद्दल आदरानं बोलला. पण म्हणाला, "संपर्कात अप्पांचं नाव आता ठेवता येणार नाही. कुणाचंतरी टाका. नाव नसेल तर ते सगळं जुन्या विभागात ढकलावं लागतं." जुना विभाग म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पुन्हा ते तिरके फोटो, त्यांच्या शेजारी आपले तक्ते, आणि शोधणाऱ्याला काही सापडलं नाही.

"तुमचंच टाका की," ते म्हणाले.

मी म्हटलं, बघते. फोन ठेवला. माझं नाव खाली, बारीक अक्षरात, उतरवून घेणारी म्हणून, ते वेगळं. संपर्क म्हणजे लोक विचारणार. आणि खरं सांगू? तुमचं नाव काढायचं म्हणजे 'मी पाहून सांगतो' हे पण काढायचं. ते काढलं की तुम्ही गप्प. माझ्या हातानं गप्प. मी म्हटलं, दोन दिवस जाऊ दे. मग आणखी दोन.

त्याच दिवसांत तो प्रश्न आला. 'अप्पासाहेब, उमापूरच्या म्हसोबाच्या हिरीला उन्हाळ्यात पाणी ऱ्हातं का? आमच्या बायकांच्या गटाला तिथं पिण्याच्या पाण्याचं काम मागायचं हाय. आमी सगळ्या सुना, जुनी माणसं ऱ्हायली न्हाईत. ग्रामसभा जवळ आली. कौशल्याबाई.' खाली फोन नंबर.

तुम्ही त्यांना उत्तर दिलं, पाहून सांगतो.

मी काही केलं नाही. धीरच झाला नाही. मग त्यांचा दुसरा निरोप आला, एकच ओळ.

'अप्पा, तुमी म्हणला म्हणून आमी धीर धरलाय.'

ते वाचलं आणि मला बसवेना. कुठल्या तरी वस्तीवर बायका तुमची वाट बघत होत्या, आणि तुम्ही धर्मापुरीच्या देवळामागं मातीत. मधल्या जागी मी, जिवंत, लॅपटॉपवर उशी ठेवून.

उठले. उशी बाजूला सारून शोधलं, 'म्हसोबाची हीर, उमापूर'. बाई 'हीर' लिहूनच पानावर आल्या होत्या, 'विहीर' नव्हे, हे आधी तुम्हाला सांगते. पहिलीच नोंद आली. वाईट सालांतही त्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी होतं. मला इतका आनंद झाला. उत्तर लिहिलं, मावशी, काळजी करू नका, या विहिरीला कायम पाणी आहे. बोट बटणावर गेलं.

आणि मला तुम्ही कठड्यावर वाकलेले दिसले. हाक मारायच्या आधीचे.

मी टेप सोडला नाही, अप्पा. फोन लावला.

"अप्पांचा नंबर हाय का ह्यो?" बाईंचा आवाज मोठा, शेतातून बोलल्यासारखा.

"अप्पांच्या कामातून बोलते. सारजा."

"अप्पांकडं द्या की."

"अप्पा गेले, मावशी."

"कुठं गेले?"

मी पंखा बंद केला.

"गावाला गेलेत का? कवा येतेत?"

"वारले," मी म्हटलं. "अप्पा वारले."

त्यांच्या मागं कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला. मग त्या हळू बोलल्या, "आवं, मग परवा मला पाहून सांगतो कोण म्हणलं?"

"ते यंत्र म्हणतं मावशी. आपोआप."

"यंत्र धीर धरा म्हणतं व्हय?"

"शब्द अप्पांचेच हायेत."

"मग आमी कुणाची वाट बघत बसलो, बया?"

रागानं नाही म्हणाल्या. खरंच विचारत होत्या.  मी विचारलं, "मावशी, म्हसोबाच्या हिरीजवळ काय हाय?"

"काय हाय म्हंजे? म्हसोबा हाय."

"त्याच्या बिगर."

"चिंच हाय मोठी."

"शाळेची भिंत न्हाई?"

"शाळा कुठली इथं? आमी वस्तीवर ऱ्हातो. शाळा उमापुरात."

"वस्ती कुणाच्या शिवारात येती?"

"येती चकलांब्याच्या," बाई म्हणाल्या. "पर बाजारहाट समदा उमापूरला. म्हणून लिवलं उमापूर."

मी उमापूरच्या नोंदीत पाहिलं: खूण, शाळेच्या भिंतीलगत. चकलांब्याच्या म्हसोबाची काढली: खूण, चिंचेजवळ. आणि तिच्या ओळी खाली वाचत गेले. चांगल्या सालांत उन्हाळ्यातही पाणी. वाईट सालांत 'कोरडी'. पुन्हा 'कोरडी'. एका ठिकाणी 'कोरडी' आणि पुढं तुमच्या सांगण्यावरून मी लिहिलेलं 'शंका'.

चौकटीतलं ते 'मावशी, काळजी करू नका' पुसून टाकलं. माझं ते पहिलं उत्तर गेलं असतं तर.

मी बाईंना सगळं वाचून दाखवलं. कोणत्या सालांत होतं, कोणत्या सालांत नव्हतं, कुठं आकड्याचाच भरवसा नाही.  वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग ताई, मागावं का न मागावं तिथं काम?"

आणि अप्पा, माझ्या जिभेवर 'नका मागू' आलं होतं. अगदी दाताशी. तेव्हा मला जीपची सावली आठवली, तुमचे झटकलेले हात. मी म्हटलं, "मावशी, ते मी न्हाई सांगू शकत. मी आकडा सांगते. तो घेऊन ग्रामसभेत जा, आन् तालुक्याच्या भूवैज्ञानिकाला जागा दाखवल्याबिगर खड्डा घेऊ देऊ नका."

बाईंनी विचारलं, "अप्पा बी आसंच म्हणले असते का?"

"आसंच."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "लिवून ठिवते. चकलांब्याचं नाव घालून ठिवते." फोन ठेवताना म्हणाल्या, "लई चांगले व्हते का वो?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते? तुमची कुंडली कुठून सुरू करायची ते मला अजून सुचत नाही. तुमचा नियम कोरडा आहे असं मी आजही म्हणेन, समोर असतात तर भांडले असते. फक्त आता तो कोरडेपणा कशातून आला असेल त्याची थोडी ओल लागलीय. किती खोल, ते माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हाच्या वेळी मी लॅपटॉपवरची उशी कायमची काढली. संपर्काच्या रकान्यात तुमचं नाव होतं, ते तक्त्यांच्या सुरुवातीला नेलं: 'हे काम सुरू केलं: विरूपाक्ष अप्पा, धर्मापुरी.' संपर्कात सारजा लिहिलं. पुढं शिक्षण कुणी विचारलं नाही. मी उगाच घाबरत होते.

मग ते वाक्य उघडलं. वाटलं होतं सगळं नवीन लिहावं लागेल. साहेबांनी सुचवलंही होतं, 'आपल्या चौकशीबद्दल आभारी आहोत' असलं काहीतरी. पण मी बघत राहिले. 'तुमचा प्रश्न पोचला' खरंच होतं. 'थोडा धीर धरा' पण खरं. खालची सही संपर्कासोबत आपोआप बदलली होती, बदलायचं फक्त मधलं होतं. 'सांगतो'चं 'सांगते'.

तुम्ही मला टाइप करताना अक्षर अन् अक्षर सुटं करून दाखवायचात, म्हणून मला ते तसंच दिसलं. 'तो'मध्ये एक काना आहे आणि वर एक मात्रा. 'ते'मध्ये नुसती मात्रा. मी तुमचा काना काढला, अप्पा. मात्रा होती तिथंच आहे.

आता त्या चौकटीत मी तुम्हाला लिहिणार नाही. लिहिलं, तर उत्तर माझंच येईल.